दगडाबाईची नोटीस

दगडाबाईला मी वीस वर्षं 'मावशी' म्हणत आलो आणि अडल्या वेळी मात्र 'आई' म्हणालो. त्यानंतर जे केलं त्याची मला लाज वाटते. सांगून ती कमी होणार नाही. पण सोसायटीतल्या लोकांनी तिच्याबद्दल जे पसरवलं आहे ते खोटं आहे, आणि खरं काय ते मला ठाऊक आहे.

ती कल्याणच्या खाडीकाठची कोळीण. नवरा गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या. होडी विकून तिने डोक्यावर टोपली घेतली. मुलींची लग्नं झाली तरी टोपली काही उतरली नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार ती शहाडला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर बसायची. तोंडाची फटकळ. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, तेव्हा मासळी आपल्यालाच कळते असा माझा समज. मी पापलेटाचे कल्ले उघडून बघायला लागलो की ती हातावर चापट मारायची. "बाला, मी तुला शिळं इकीन का रं?" वाटा मात्र सगळ्यांना सारखा लावायची, डॉक्टरला आणि झाडूवाल्यालाही.

मी खोपटच्या एसटी डेपोत छत्तीस वर्षं नोकरी केली. गाड्यांच्या वेळांचे फळे माझ्या अक्षरात असायचे. निवृत्तीनंतर सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तर नोटिसाही हातानेच लिहायचो. तेवढी एकच मिजास होती मला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हाताची मूठ उघडेना. आठ महिने फिजिओथेरपी झाली, तेलं झाली, गोळ्या झाल्या. बायको, मालन, मला भात कालवून भरवायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो.

एका शुक्रवारी मालनबरोबर खाली गेलो. दगडाबाईने माझ्याकडे बघितलं आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. तिच्या हातांना खवले चिकटलेले, बर्फाने हात गार पडलेले.

"काय धरून ठेवलंस रं येवढं? सोड आता."

"आई, सुटत नाही गं," मी म्हणालो.

"सोड."

आणि बोटं उघडली. एकेक करून, पाचही. मालन तिथेच रस्त्यावर बसून रडायला लागली. दगडाबाई तिला म्हणाली, "रडतेस काय? बोंबील देऊ का कोलंबी?"

डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं. होत असेल. पण पुढच्या दोन महिन्यांत बी विंगमधल्या म्हातारीचा दमा गेला आणि वॉचमनच्या मुलीला ऐकू यायला लागलं. मग कुणीतरी व्हिडिओ टाकला. डोंबिवलीहून, ठाण्याहून माणसं यायला लागली, गेटबाहेर रिक्षांची रांग लागली. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण म्हणाला हा मनाचा खेळ आहे, दुसरा म्हणाला सगळं सेटिंग आहे, तिसऱ्याने दोघांनाही ग्रुपमधून काढून टाकलं. दगडाबाई ज्याला त्याला हात लावायची, मासळी तोलायची आणि उपदेश मागितला तर म्हणायची, "घरी जा. ज्याच्याशी बोलत नायस त्याच्याशी बोल."

आमचे चेअरमन दौलतराव शाकाहारी आणि हौशी. त्यांनी क्लबहाऊसमध्ये सत्कार ठरवला, 'दगडामाता' असा फ्लेक्स छापला, आणि निरोप घेऊन मला पाठवलं. मी शहाण्यासारखा गेलो आणि म्हणालो, "मावशी, पांढरं लुगडं नेसून या. आणि आता मासळी सोडा. मातेला शोभत नाही."

"मग मी खाऊ काय, हार?" ती म्हणाली.

ती आली ती नेहमीच्या लुगड्यात, टोपली घेऊनच. टोपली स्टेजवर ठेवली, पाणी गालिच्यावर ठिबकायला लागलं. "आदी हे घ्या, बरफ इतळतोय," तिने माईकवर सांगितलं. मागचे लोक हसले. पुढचे नाकाला रुमाल लावून उठले. दौलतरावांचा हार हातातच राहिला.

पुढच्या रविवारी खास सभा. वास, गर्दी, पार्किंग, आणि वर जादूटोण्याचा कायदा. तिच्याकडे पहाटेपासून नंबर लावणारीच माणसं तावातावाने बोलत होती. शेवटी दौलतरावांनी मला विचारलं, "तुमचा हात तिने बरा केला म्हणतात. खरं आहे का?"

पहिल्या रांगेत दोन इंजिनिअर आणि एक डॉक्टर बसले होते. एका कोळणीने हात धरला आणि मी बरा झालो, हे त्यांच्यासमोर म्हणायला माझी जीभ रेटेना. लोक हसतील, एवढीच भीती होती. दुसरं काही कारण नव्हतं.

"छे," मी म्हणालो, "फिजिओथेरपीने."

मालनने माझ्याकडे बघितलं आणि ती उठून घरी गेली. दगडाबाईला गेटवरून उठवायचं म्हणून हात वर करायला सांगितले, तेव्हा मी डावा हात वर केला. उजवा खिशातून बाहेर काढायचा धीर झाला नाही. नोटीस मात्र त्याच हाताने लिहावी लागली, कारण लिहायचा मान माझा.

बुधवारी ती द्यायला गेलो. दगडाबाईला वाचता येत नाही. "वाच," ती म्हणाली. मी खाली मान घालून वाचलं: उद्यापासून येथे बसण्यास मनाई, न ऐकल्यास पोलिसांत तक्रार. आता ती शिव्या घालेल, मला बरं वाटेल, असं मनात येत होतं. तिने कागद घेतला, ओलं बोट ओळींवरून फिरवलं.

"ह्ये तूच लिवलंस?"

"हो."

"ह्याच हातानं?"

"हो."

तिचं सगळं तोंड हसलं. "कवडं बारीक लिवतोस रं बाला आता!"

मग तिने कागद कमरेला खोचला, मासळीवर फडकं टाकलं आणि चुंबळ डोक्यावर बसवली. भरली टोपली एकटीला चढवता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. ती माझ्याकडे बघत थांबली. मी दोन्ही हातांनी टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ती गेली.