थोरल्या साडूंचा पाइप

पाइपाइतकी पवित्र वस्तू जगात दुसरी नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. देवाला ते सणावारी हात जोडतात, पाइपाला रोज. मिलिटरीतून सुभेदार होऊन आले आणि कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेपासून बऱ्याच लांबच्या माळावर घर बांधून बसले. नदीचं पाणी तिथवर चढवायला भंगारवाल्याकडून प्लॅस्टिकचे जुने, शिक्काही पुसून गेलेले पाइप आणले. जोडायला सॉकेट विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. उसाच्या पाचटाचा जाळ करून पाइपाचं तोंड शेकायचं, मऊ झालं की त्यात दुसरा पाइप खुपसायचा, ही त्यांची रीत. त्या जाळात एकदा अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्यांनी महिनाभर तशीच मिरवली, कारण कामगिरीवर गेलेल्या मिशीचा मान राखायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

पाणी घरात आलं त्या दिवशी पाइपाला गुलाल लागला, नारळ फुटला, भावकी जेवली. उरलेल्या तुकड्यांनी मग घर व्यापलं. नातीच्या पाळण्याची दांडी पाइपाची, देवापुढची उदबत्ती पाइपात, यांची काठीही पाइपाचीच. पाहुणा दारात आला की चहाआधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, आणि तो पिऊन होईपर्यंत साडू त्याच्या तोंडाकडे बघत उभे. 'वा' म्हटल्याशिवाय चपला काढू देत नसत. पाण्याची चव आपल्याइतकी कुणाला कळत नाही, हा त्यांचा दावा. मिरजेचं पाणी ते एका घोटात ओळखत, पाचगणीचं नुसतं हुंगून. खरंखोटं करायला कुणी गेलं नाही, कारण मग चहा मिळाला नसता.

या सुखात माती कालवली त्यांच्या सुनेनं. ती मिरजेची, तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम केलेली. शेतीची वीज पाळीनं येते, त्यामुळे पाणी उन्हातल्या पाइपात तासन्‌तास तुंबून राहतं, हे तिनं हेरलं. कुणाला न सांगता तिनं ते तपासायला दिलं आणि त्यात व्हिनाईल क्लोराईड निघालं. ज्या वायूपासून हे पाइप बनवतात, तोच हलक्या पाइपात थोडा उरतो आणि तुंबलेल्या पाण्यात उतरतो, असं तिनं सगळ्यांना बसवून समजावलं. "मामा, ह्ये दिसत न्हाई, ह्याची चव लागत न्हाई," ती म्हणाली. "पण वर्सानुवर्सं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर हुतो. आन्‌ तुमची नात आत्ता कुटं चालाय लागलीया."

चव लागत नाही, हेच साडूंच्या जास्त जिव्हारी लागलं. कॅन्सरचं त्यांनी मनावर घेतलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, लिव्हर दारूनं जातं. दारू मी पल्टनीतच ठिवून आलोय. पाण्यानं कुणाचं लिव्हर गेल्यालं ऐकलंय?"

सून हटली नाही. पाइप बदलायचा, आणि तोवर मोटर सुरू झाली की तुंबलेलं पाणी दारातल्या नारळाच्या झाडाला सोडून मग ताजं भरायचं, असं तिनं ठरवून टाकलं. पाणी सोडून द्यायचं म्हटल्यावर साडूंचा चेहरा उतरला. ते मूळचे दुष्काळी जतकडचे. घमेल्यात उभं राहून अंघोळ केलेला आणि तेच घमेलं म्हशीपुढे ठेवलेला माणूस. झाडाला खरकटं पाणी आणि माणसाला प्यायचं, हा त्यांचा धर्म.

शेवटी त्यांनी त्यांनाच शोभेल असा तोडगा काढला. तुंबलेलं पाणी एका रांजणात भरायचं आणि तो रांजण फक्त त्यांचा. ताजं पाणी माठात, ते बाकीच्यांचं. नात रांजणाकडे वळली की ते पल्टनीतल्या आवाजात ओरडत. मी चारचौघांत त्यांची यथेच्छ टर उडवली. विषातही राखीव कोटा ठेवणारा सुभेदार पहिल्यांदाच पाहतोय, म्हटलं. ते हसले नाहीत. मंडळी पांगल्यावर हळूच म्हणाले, "वतून द्यायला हात धजत न्हाई, पाव्हणं. आई डोईवरनं आणायची, लय लांबनं. कुणीतरी प्यायलाच पायजे, तर म्हाताऱ्यानं प्यालेलं बरं." मला वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला.

परवा साताऱ्याहून गेलो, तेव्हा साडू रानात होते. सून रांजण उपसून नारळाच्या आळ्यात ओतत होती. रिकामा झाल्यावर तिनं तो ताज्या पाण्यानं भरला. मला बघून नुसती हसली. रोजचंच काम दिसत होतं.

साडू आले, रांजणात तांब्या बुडवला, घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "ही चव. ताज्या पाण्याला ही यायची न्हाई." मी हात पुढे केला, तर तांब्या मागे घेतला. "तुमी नगा. तुमचं माठातलं."

मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सगळा पिऊन टाकला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी 'वा' म्हटलं, आणि या घरात ते पहिल्यांदाच मनापासून म्हटलं. साडू नारळाच्या ओल्या आळ्याकडे बघत म्हणाले, "यंदा झाड लय धरलंय, पाव्हणं," आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. रांजण रोज कोण उपसतं, हे त्यांना ठाऊक असावं. मी विचारलं नाही.