चाचीले पानी पाजू का नको

चाची वावराच्या धुऱ्यावर, बांधावर आडवी, ओठ सुकलेले, आन् मी पान्याची बाटली घेऊन उभी. पाजू का नको? कडेवर माहा सम्यक, तो रडून राह्यला. मीबी रडाच्याच बेतात होती. पन आशाताईनं रडाचं नसते.

हाव, मी आशा. सरकारी दवाखान्याचं काम गावात करनारी बाई. आठवी पास, नववीत लगन. खांद्यावर बॅग पाह्यली का लोकं मले अर्धी डॉक्टर समजतात. मलेबी तसंच वाटे. तेच तं नडलं.

शकीला चाचीची किडनी बिघडलेली. किडनी म्हंजे रक्ताची गाळनी. आमच्या संग्रामपूरकडं पानी खारं, किडनीवाले लय. चाचीची गाळनी निम्म्याच्या वर बंद झालेली. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हंजे गाळनी चालली नाही का रक्तात जो कचरा उरते त्याचं माप. पायाले सूज होती म्हनून दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनं पानी मोजून प्याले सांगतलं, आन् सूज उतराले लघवीची गोळी देल्ली. दोन्हीवर ध्यान ठेवाचं काम माहं. मी तं पोलीसच झाली. चाचीनं चहा दुसऱ्यांदा घेतला तरी डोये वटारे.

"बेटा, सासू मेली तवा वाटलं सुटली मी," चाची म्हने, "तं तू आली."

त्या सकाळी तिले जुलाब लागले होते. मले बोलली नाही. मी समोर उभी राहून गोळी खाऊ घातली आन् सोताचीच पाठ थोपटत घरी आली. चाची तशीच उन्हात कापूस वेचाले गेली. बीटीची बोंडं एकदमच फुटतात, वेचाले बाया भेटत नाहीत. दुपारी वावरातून सांगावा आला, चाची पडली, सकाळपासून जुलाब होते.

मॅडमले फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, बंद.

आता माह्या डोक्यात धडे दोनच. जुलाब म्हटलं का पानी पाज. किडनी म्हटलं का पानी मोज. हे दोन्ही एकाच बाईत आले तं काय कराचं, हे ट्रेनिंगमंदी नव्हतं. असनबी, मी तवा सम्यकले पाजून राह्यली असन.

संग वेचनारी रमाबाई खेकसली, "दे ना वो पानी! काऊन उभी राह्यली?"

"मावशे, तिची किडनी आहे!"

"किडनी तं माहीबी आहे. मले देतात पानी."

मंग मी बाटलीचं झाकन भरलं. एक झाकन, थांब. एक झाकन, थांब. चुकलं तं थोडंच चुकन, असा माहा हिशोब.

तोंड पुसाले चाचीची ओढनी ओढली तं गाठीतून गोळ्या पडल्या.

"हे काय चाची?"

"कमरेची गोळी वो. वेचनीच्या दिवसात सगळ्याच खातात."

खरंच खातात. सकाळी वावरात तंबाखूसारखी हातोहात फिरते ते. चाचीले दुखन्याची गोळी बंद आहे, हे मॅडमनं माह्यासमोर सांगतलं होतं. आन् मी चहा मोजत बसली.

ऑटोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मॅडम तिथंच होत्या. सारं ऐकून म्हनल्या, "जुलाबानं अंगातलं पाणी गेलं. लघवीच्या गोळीनं उरलेलं काढलं. दुखण्याच्या गोळीनं किडनीकडे जाणारं रक्त कमी केलं. अशा दिवशी लघवीची गोळी थांबवायची आणि लगेच दाखवायचं, ताई."

"मॅडम, मी तं एक दिवस चुकू नाही देल्ला..."

"तेच ना."

"आन् पानी?"

"दिलं ते बरं केलं. पण झाकणानं?"

सलाईन हळूहळू सोडलं, मंग अकोल्याले धाडलं. चाची वाचली. क्रिएटिनिन उतरलं, पन पह्यल्या जागी नाही आलं. गाळनीचा अजून एक तुकडा गेला, तो गेलाच. आता डायलिसिसच्या गोष्टी चालू आहेत, म्हंजे मशीनवर रक्त धुवाच्या. माह्या आंगात काय शहानपन आलं म्हनाल, तं आता मी किडनीवाल्याच्या दारात पाय ठेवल्याबरोबर इचारतो, जुलाब? उलटी? कमरेची गोळी? लोकं म्हनतात, आली संडास इचारनारी.

पन तुमीच सांगा. फोन बंद, कडेवर पोरगं, एक म्हने दे, डोकं म्हने मोज. मी झाकन भरलं. तुमी गिलास भरला असता, का बाटली लपवली असती?