चाळलेली माती

चाळणकाका म्हणजे कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप. नेमबाजीच्या मैदानावर गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध असतो; वर्षानुवर्षं त्यात रुतलेलं शिसं काढायचं त्यांचं काम. यंत्राच्या चाळणीवर माती ओतायची, वर उरलेल्या चेपलेल्या गोळ्या पिंपात टाकायच्या, खाली पडलेली माती झाकलेल्या गाडीत भरून धुवायला पाठवायची. त्या मातीत दगड नाही, काडी नाही. अशी मऊसूत माती दुसऱ्याच्या गाडीत भरायची म्हणजे काकांच्या अगदी जिवावर यायचं.

मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की चाळणीत गोळी अडते, गोळीचा भुगा अडत नाही. पण जन्मभर चाळणी चालवलेल्या माणसाला हे कोण पटवणार! गोळ्या निघाल्या म्हणजे विष निघालं, असा काकांचा सरळ हिशेब. पिशवीपिशवीनं ती माती घरी आली आणि मागच्या दारी वाफे झाले.

"लोकांचे नवरे कामावरून येताना खाऊ आणतात," काकू म्हणायच्या, "आमचे माती आणतात."

पण पालक असा तरारून आला की काकूही गप्प बसल्या. शेजाऱ्यांना जुड्या वाटताना काकांची छाती फुगायची.

मुलीची नोकरी दिवसभराची, त्यामुळे नात ठमी आजी-आजोबांकडेच असायची. आजोबांचा तिच्यावर भारी जीव. ती वाफ्यात फतकल मारून बसायची, मातीची घरं बांधायची, मोडायची आणि बोटं तोंडात घालायची. काका कौतुकानं बघत राहायचे. मुलं मातीत खेळलेली बरी, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. उगाच चिडायची, जेवायची नाही. पाठ झालेली गाणी अर्ध्यावर सोडून द्यायची. रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोण काय काम करतं?

मुलगी वडिलांकडे वळली. "बाबा, मागची माती कुठली?"

काकांनी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ठमीला फक्त आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं, बाबांपासून लांब.

"रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मेंदूला जे लागलंय, ते किती भरून येईल, आज नाही सांगता येणार."

"त्यावर काही औषध?" काकांनी विचारलं.

"आधी ती माती घालवा."

एवढं मात्र काकांना येत होतं. त्यांनी तोंडाला फडकं बांधलं, माती ओली केली आणि कुदळ मारली. पालक मुळासकट गेला, वाफे गेले, खालची जुनी जमीनही खरवडून निघाली. सगळं पोत्यांत बंद झालं. काकू म्हणाल्या, "अहो, पुरे आता." पण काका थांबेनात. शेवटी मैदानावरच्या तरुण साहेबांच्या हातापाया पडून त्यांना घरी आणलं. मातीतलं शिसं दाखवणारं यंत्र साहेबांनी खड्ड्यात जागोजागी टेकवलं. पोती न्यायला सोमवारी गाडी पाठवतो म्हणाले, आणि हसले.

"झालं की काका! जमीन स्वच्छ."

काकूंचा जीव भांड्यात पडला. काका मात्र सरळ घरात गेले आणि ठमीला कडेवर घेऊन आले. त्यांनी तिचा इवलासा हात साहेबांपुढे धरला.

"आता हिला लावा ना साहेब. किती काढायचं राहिलंय ते कळेल तरी."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी यंत्र बंद केलं. "काका, हे मातीचं यंत्र आहे हो."

"नाही, म्हणजे थोडंच राहिलं असेल तर मी..." काका म्हणाले, आणि पुढे आपण काय करणार होतो ते त्यांना सुचेना.