भारी इंग्रजी आणि बंद लिफ्ट

सात मजली ऑफिस इमारतीचे मॅनेजर इंग्रजीच्या नादी लागले ते हौसेने नव्हे, धसक्याने. इमारतीच्या मालकांनी खर्च कमी करायला एक सल्लागार बाई नेमल्या होत्या. त्यांनी पाण्याचे पंप पाहिले, जिने पाहिले, शेवटी मॅनेजरांना आपादमस्तक पाहिलं आणि गोड हसून म्हणाल्या, "युअर पोस्ट इज रिडन्डंट."

उभ्या हयातीत कोणीतरी आपली कदर केली असं मॅनेजरांना वाटलं. ते मान लववून म्हणाले, "थँक यू, मॅडम."

घरी जेवताना त्यांनी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा घास हातातच राहिला.

"बाबा, रिडन्डंट म्हणजे नको असलेलं. तुमची गरज नाही म्हणाल्या त्या."

"अगं, पण हसून म्हणाल्या," मॅनेजर म्हणाले. मग त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर कठीण इंग्रजी शब्द शिकवणारं एक अ‍ॅप घेतलं. मोठमोठे शब्द बोलणाऱ्या माणसाला नोकरीवरून काढायची कोणाची छाती होत नाही, असं त्यांचं गणित होतं, आणि आजवरचे आपले सगळे वरिष्ठ आठवले की ते गणित त्यांना अगदी चोख वाटायचं. दाढी करताना आरशाला मोबाइल टेकवून ते शब्द घोकायचे. एकदा गाल कापला गेला, तर रक्त पुसता पुसता त्यांनी 'लॅसरेशन' हा शब्द पाठ करून टाकला. चहा कोमट झाला तर ते "टेपिड" म्हणायचे. बायको म्हणायची, "टेपिड तर टेपिड, प्या मुकाट्याने."

इमारतीत तर त्यांनी उच्छाद मांडला. नळ गळतोय हे सांगायला त्यांनी प्लंबरला "इन्सेसंट सीपेज" असा निरोप धाडला. प्लंबरला ते नळाच्या कंपनीचं नाव वाटलं आणि तो दिवसभर बाजारात तसला नळ धुंडाळत राहिला. पाठीमागे सगळे मॅनेजरांना 'डिक्शनरी' म्हणू लागले. ते त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांची छाती फुगली.

अशात लिफ्टचा ब्रेक खराब झाला. मेकॅनिक म्हणाला, "पार्ट उद्या येईल. तोवर मेन स्विच बंद ठेवा आणि लिफ्ट बंद आहे अशी पाटी लावा."

मेन स्विच बंद करायचं मॅनेजरांच्या डोक्यातून साफ गेलं, कारण डोक्यात पाटी शिरली होती. केबिनचं दार लावून घेऊन त्यांनी मजकूर जुळवला: 'पेट्रन्स आर एंट्रीटेड टू एस्च्यू द युटिलायझेशन ऑफ धिस एलिव्हेटर.' म्हणजे, कृपया लिफ्ट वापरू नये. कागद लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवून ते दोन पावलं मागे सरले आणि नवऱ्या मुलाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले. फोन वाजला म्हणून ते केबिनमध्ये गेले, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे वकील आले, त्यांनी मजकूर नीट वाचला, "वा, झकास लिहिलंय," म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. नशिबाने ते धडपणे वर पोचले.

मालकांचं नशीब तेवढं बळकट नव्हतं. ते दुपारी आले, त्यांनीही पाटी वाचली, कौतुकाने मान डोलावली आणि बटण दाबलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट गचका खाऊन थांबली. मेकॅनिकला बोलावून दार उघडेपर्यंत मालक आत घामाने निथळत होते. स्टुलावर पाय ठेवून ते बाहेर उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पँटमधून सुटला होता. बघायला अख्खी इमारत जिन्यात गोळा झाली होती.

"लिफ्ट बिघडली होती तर सांगायला काय झालं होतं?" मालक कडाडले.

"सर, पाटी लावली होती," मॅनेजर चाचरत म्हणाले. "खाली. इंग्रजीत."

मालकांचा चेहरा पडला. मॅनेजरांनी तो नीट पाहिला. सल्लागार बाईंना थँक यू म्हणताना आपलाही चेहरा असाच दिसला असणार, हे त्यांना लख्ख कळलं. मालकांना पाटी समजली नव्हती, आणि एवढ्या लोकांसमोर ते कबूल करणं त्यांना मरणाहून अवघड होतं.

"पाटी मी वाचली," मालक शर्ट खोचत म्हणाले. "म्हणूनच तर चढलो. बिघाड किती आहे ते स्वतः बघायला नको?" मग ते मेकॅनिककडे वळले आणि पार्ट आजच का आणला नाही म्हणून त्याला झाड झाड झाडलं. बिचारा टेस्टर हातात धरून ऐकत राहिला. मॅनेजरांनी त्याची बाजू घेतली नाही. वकीलही मान हलवत म्हणाले, "पाटी तर अगदी स्पष्ट होती."

महिन्याभरात मॅनेजरांना बढती मिळाली. मालकांच्या सगळ्या इमारतींच्या पाट्या आता त्यांनीच लिहायच्या, असं ठरलं. प्रत्येक पाटीखाली एक वॉचमन खुर्ची टाकून बसवला, येणाऱ्याजाणाऱ्याला पाटीचा अर्थ मराठीत सांगायला. सल्लागार बाईंना मात्र मालकांनी निरोप दिला. त्यांचं इंग्रजी फारच सोपं आहे, असं ते म्हणाले.

पुढच्या बैठकीत मालकांनी टेबलावर मूठ आपटली. "यंदा आपण सगळ्यांनी मिळून मेहनत एस्च्यू करायची. काय मॅनेजर, बरोबर ना?"

टाळणे, असा त्या शब्दाचा अर्थ मॅनेजरांना झोपेतही सांगता आला असता. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"येस सर," मॅनेजर म्हणाले.