साखरेवाचून गोड

"सूज मूत्रपिंडाची वाटते," डॉक्टर म्हणाले. "नेफ्रायटिस. म्हणजे मूत्रपिंडाला दाह होतो, मग अंगातलं पाणी बाहेर न पडता अंगातच साठत जातं."

कर्जतच्या दवाखान्यात लाकडी बाकावर वहिनी पाय खाली सोडून बसली होती. डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढून घेतला. पडलेला खळगा भरेचना. मग त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून, फुगा दाबून पाऱ्याच्या नळीत ब्लडप्रेशर बघितलं. ब्लडप्रेशर म्हणजे रक्ताचा नसांवर पडणारा दाब. तो फार वाढला होता.

"मीठ बंद. चहा बंद. दूध आणि आळणी भात. कुणा वैद्याचं, गावठी असं काही औषध चालू आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

हा एक शब्द मी कसा बोललो आणि त्यापायी काय झालं, एवढंच सांगायला मी लिहायला बसलोय. घरात आजारी माणूस असेल आणि तुम्ही त्याला दवाखान्यात नेत असाल, तर तुमच्यासाठी हे आहे. माझी अब्रू जायची ती जाऊ दे. तशीही ती फार जपण्यासारखी राहिलेली नाही.

आमचं गाव खालापूर तालुक्यात. थोरला भाऊ मी लहान असतानाच वारला. मूलबाळ नसलेल्या वहिनीने मला पोटच्यासारखं वाढवलं, सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकवलं. लढाईच्या दिवसांत चहाची पूड मिळेनाशी झाली आणि साखर रेशनवर गेली, तेव्हा माझ्या डोक्यात एक कल्पना आली. परड्यात गवती चहा रग्गड होता, तुळस होती. उपळसरीचं वासाचं मूळ डोंगरातून खणून मिळायचं. सुंठ घरची. हे सगळं सावलीत वाळवायचं, जाडसर कुटायचं आणि त्यात ज्येष्ठमध घालायचा. ज्येष्ठमध तेवढा विकत आणावा लागे, पण त्याने साखरेवाचून गोडी यायची.

ती गोडी लोकांच्या जिभेवर बसली. लोकांना अजून गोड हवं, म्हणून मी ज्येष्ठमध वाढवत गेलो. कर्जतच्या बाजारात, नेरळला, भिवपुरीच्या पॉवरहाऊसच्या चाळींत माझ्या पुड्या जाऊ लागल्या. पुडीवर मी स्वतः बोरूने, वळणदार अक्षरात लिहायचो: 'औषधी चहा'. खाली बारीक अक्षरात, 'शेणखतावरचा पाला, कसलीही भेसळ नाही'. लोक मला वैद्यबुवा म्हणायला लागले. मी असा शेफारलो की विचारू नका! कुणाला पडसं झालं तर नाडी बघायचो. नाडीतलं मला काय कळत होतं, कप्पाळ!

आमच्या घरात मात्र त्याला कुणी चहा म्हणत नसे. घरात 'च्या' म्हणजे दुकानातल्या काळ्या पुडीचा. आमचं ते 'पातीचं पानी'. कुटणं, चाळणं वहिनीच करायची आणि प्रत्येक घाणा उकळून चाखायचीही तीच. दिवसभर चुलीवर टोप असे, आणि तिच्या हातात कान तुटलेला कप. तिला गोडाची भारी आवड. साखर मिळत नव्हती, तर ती ह्याच्यावर भागवायची. मी कौतुकाने म्हणायचो, "वयनी, तूच माझी जाहिरात."

सूज आली ती आधी पायांवर. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली दिसायला लागली. डोकं ठणकायचं. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन नदीवरून येणारी बाई, ती एक दिवस कळशी उचलताना मटकन खाली बसली. मी तिला काय दिलं असेल? बरोबर. पातीचं पाणी, दाट करून.

दवाखान्यातून घरी आलो आणि डॉक्टरांचा हुकूम मी तंतोतंत पाळला. चहाच्या पुडीचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला.

"मंग मी प्यायाचं तरी काय रं द्येवा?" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली. "च्या नाय, मीठ नाय. त्यापरीस उचला की मला."

"पातीचं पी की," मी म्हणालो. "त्याला कुठे ना म्हणालेत?"

"त्ये तर पानीच हाय," ती म्हणाली.

आता हसा आम्हाला. पण खरं सांगतो, तिचं ते भाबडेपण होतं, माझं नव्हतं. डॉक्टरांनी औषध विचारलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे काही औषध नाही, चहा आहे. त्यांनी चहा बंद म्हटलं तेव्हा मनात म्हटलं, हा कुठे चहा आहे, हे तर पातीचं पाणी. पुडीवर माझ्याच अक्षरात दोन्ही शब्द होते, आणि मी दोन्ही शब्दांच्या मधल्या फटीत जाऊन लपलो. पुण्याला शिकलेल्या डॉक्टरसमोर, गावात वैद्यबुवा म्हणवणाऱ्याला आपलं गाठोडं सोडायची लाज वाटत होती. तो हसेल, ही एकच भीती होती.

चहा बंद झाल्यावर वहिनी पातीचं दुप्पट प्यायला लागली.

आठवड्याने पुन्हा गेलो. डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. मूत्रपिंड बिघडलं असेल तर लघवीत अल्ब्युमिन उतरतं, अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसलं द्रव्य. मग नळीत उकळल्यावर पांढरा साका धरतो. इथे काहीच धरलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा उकळून बघितलं.

"हे जुळत नाही," ते म्हणाले. "लघवी साफ आहे. हृदयात आवाज नाही. मग सूज कशाची? दाब का वाढतोय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नीट आठवून सांगा. पोटात आणखी काय जातं?"

तेव्हा तरी तोंड उघडायचं! पण एकदा नाही म्हटलेलं होतं. आता हो म्हणायचं तर आधी खोटं बोललो हे कबूल करायला हवं होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी तिला तिथेच दाखल करून घेतलं. चार खाटांची ती खोली. मी रोज सकाळी गावाहून तांब्या भरून न्यायचो, वर वाटी पालथी घालून.

"त्यात काय आहे?" नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाणी. घरचं. तिला इथलं रुचत नाही."

सहाव्या दिवशी वहिनीला मान उशीवरून उचलवेना. वेणी घालायला हात वर जाईना, मांडीवर पडलेला हात जणू दुसऱ्या कुणाचा. डॉक्टरांनी बराच वेळ नाडी धरून ठेवली. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

"नाडी मध्येच चुकतेय. स्नायूंतला जोर जातोय आणि मला कारण सापडत नाही. तिच्या माहेरच्यांना कळवायचं असेल तर कळवा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत येऊन मी काय केलं असेल? तांब्यातलं वाटीत ओतलं आणि तिच्या ओठांना लावलं. म्हटलं, थोडी तरतरी येईल.

डॉक्टर माझ्या पाठोपाठ आत आले होते. त्यांनी वाटी माझ्या हातून घेतली, हुंगली, एक घोट घेतला.

"हे गोड आहे," ते म्हणाले. "एवढी साखर कुठून आणता?"

"साखर नाही साहेब, ज्येष्ठमध." आणि माझा हात आपोआप सदऱ्याच्या खिशात गेला. सवय! कुणी चव घेतली की पुडी पुढे करायची. मरणाच्या दारातल्या बाईच्या खाटेपाशी उभा राहून मी डॉक्टरांच्या हातात माझ्या मालाची पुडी दिली.

त्यांनी ती वाचली. आवाज चढवला नाही.

"औषधही लिहिलंय. चहाही लिहिलंय. औषधाचं मी तुम्हाला विचारलं होतं, चहा बंद करायला सांगितलं होतं."

खोलीतल्या बाकीच्या तिन्ही खाटांवरची माणसं माझ्याकडे बघत होती. नर्सबाई बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिवसाला किती पिते?"

मी सांगितलं. किती महिने, तेही सांगितलं.

"ज्येष्ठमधाने असं होतं हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही," ते म्हणाले. "कदाचित नसेलही होत. पण आजपासून ह्यातला थेंब तिच्या पोटात जाता कामा नये. दूध, फळांचा रस आणि आम्ही देऊ तेवढंच. तुम्ही भेटायला या, पण हात हलवत या."

तीन दिवस काही फरक नव्हता. मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसून राहायचो. देवाला नवस बोलायचंही धाडस होईना, कुठल्या तोंडाने बोलायचं?

चौथ्या दिवसापासून लघवी भरपूर व्हायला लागली. नर्सबाई दर सकाळी नडगीवर अंगठा दाबून बघत. खळगा उथळ होत गेला. आठव्या दिवशी पाऱ्याची नळी खाली आली. दहाव्या दिवशी मी आत गेलो तर वहिनी उठून बसली होती आणि आपल्या हाताने केस विंचरत होती. मी दारातच रडायला लागलो.

"अवं, रडता काय बायामानसांवानी," ती म्हणाली. "या की आत."

खाटेशी बसून मी तिची माफी मागितली. डॉक्टरांपाशी खोटं बोललो, तेही सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय मला," वहिनी म्हणाली. "नर्सबाय मला पन इचारीत व्हती, तांब्यात काय हाय म्हून. मी पन पानीच सांगितलं. तुमी तिला पानी सांगितलेलं मी आयकलं व्हतं ना. मी येगलं बोलले असते तर चार मानसांत तुमचं नाव गेलं असतं."

मान उचलवत नसताना ती बाई माझं नाव सांभाळत होती, आणि मी तिला त्याच नावापायी मारायला निघालो होतो.

त्या डॉक्टरांचे उपकार आमच्या घरावर आहेत. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तरी मी काय म्हणणार होतो? निघताना म्हणाले, "झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. हिवतापावरचं क्विनाइन आम्हीसुद्धा झाडाच्या सालीतूनच काढतो. पण जे पोटात जातं ते मला सांगत चला. मी हसलो तर हसू द्या."

तेच तुम्हालाही सांगतो. काढा असो, पाला असो, देवाचं तीर्थ असो, डॉक्टरांपुढे सगळं बोला. रानातलं आहे म्हणून ते निर्धोक असतं असं नाही. माझ्या पुडीत भेसळ नव्हती, हे अगदी खरं होतं. त्याचा वहिनीला काय उपयोग झाला?

वहिनी घरी आल्यावर मी शिल्लक माल उकिरड्यावर टाकला आणि ज्यांनी पुड्या घेतल्या होत्या त्यांच्या दारोदार गेलो. कर्जत, नेरळ. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी गोड मानून घेतल्या. शेवटी भिवपुरीच्या चाळीत गेलो. तिथल्या एका फिटरच्या आईला मी उंबऱ्यात उभा राहून सगळी हकिगत सांगितली, अगदी खोटं बोललो इथपर्यंत. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आसंल बाबा. पन वैद्यबुवा, तसा च्या पुन्यांदा कुटं मिळायचा नाय बगा."

आणि शप्पथ सांगतो, माझी छाती फुगली. तिथेच, त्या उंबऱ्यात, एवढं सगळं होऊनसुद्धा.