सभागृहात सुटलेली नऊची बस

डिसेंबर लागला की आमच्या पंचायत समितीत कुणी आजारी पडायचं नाही, कुणाचं लग्न काढायचं नाही आणि बारशाला जायचंच झालं तर फोन चालू ठेवून जायचं. नागपूरला अधिवेशन भरलेलं असतं. तिथं आमदार उभे राहून मंत्र्यांना प्रश्न विचारतात आणि मंत्री रुबाबात उत्तरं देतात. ती उत्तरं कुठून येतात हे मात्र कुणी विचारत नाही. मी सांगते. ती माझ्या टेबलावरून जातात, आणि माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

मंत्री सचिवांना विचारतात, सचिव आयुक्तांना, आयुक्त जिल्ह्याला, जिल्हा आमच्या साहेबांना आणि साहेब मला. माझ्याखाली विचारायला कुणी नाही. म्हणजे गडचिरोलीच्या जंगलातल्या एका तालुक्यात, पंख्याखाली बसून, राज्याचं धोरण काय आहे हे अधूनमधून मी ठरवते. माझ्या नवऱ्याला हे पटत नाही, कारण घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा माझ्या हातात नाही.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. पहिलं कलम: अमुकअमुक झाले, हे खरे आहे काय? दुसरं: असल्यास, चौकशी केली काय? तिसरं: त्यात काय आढळून आले? चौथं: नसल्यास, विलंबाची कारणे काय? आमच्याकडं नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी एवढंच शिकवतात, की पहिल्या कलमापुढं ‘हे खरे नाही’ लिहायचं. मग खालच्या तिन्ही कलमांपुढं ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहून जेवणाचा डबा उघडता येतो. कुणी भोळेपणानं ‘खरे आहे’ लिहून बसला, तर ती तिन्ही कलमं जिवंत होतात आणि माणसाला दोन दिवस झोपू देत नाहीत. मी एकदा लिहिलं होतं. पुन्हा नाही लिहिलं.

त्या वर्षी अधिवेशनाच्या तोंडावर आमच्या शिपाई बाई सकाळी माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं गाव फाट्यापासून सहा किलोमीटर आत, दोन्ही बाजूंनी जंगल. बाई आणि त्यांची दहावीतली मुलगी रोज पहाटेच निघून फाट्यापर्यंत चालत यायच्या. तिथं सूरजागडच्या लोहखाणीकडच्या ट्रकांची लाल धूळ खात उभं राहायचं, मिळेल त्या गाडीनं तालुक्याला यायचं. मुलगी शाळेत, आई कार्यालयात. संध्याकाळी शाळा सुटली की मुलगी आमच्या व्हरांड्यात गणितं सोडवत बसायची, आणि मग दोघी तशाच परत.

“म्याडम, सोमवारपासून पोरीले शाळेत नाई धाडत,” बाई म्हणाल्या.

“काऊन?”

“वाघ बसून होता वाटेवर. आमी आलो तं उठला बी नाई. आमीच मांगं फिरलो.”

“अहो, बोर्डाचा फॉर्म भरलाय ना तिचा!”

“फार्म का वाघाले दाखवू? माहं ठीक हाय, मले नोकरी हाय, मले यावंच लागते. तिले काऊन मारू?”

मुलगी हुशार होती, माझ्या टेबलावरची वर्तमानपत्रं अथपासून इतिपर्यंत वाचायची. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, त्यामुळं मी बाईंवरच खेकसले की चहा थंड आहे.

त्याच आठवड्यात प्रश्न आला. मोबाइलवर कागदाचा तिरका फोटो, वर ‘अत्यंत तातडीचे’. वाचला आणि मी बाईंकडं बघितलं. बाईंच्याच गावाचा प्रश्न होता. कुणा विरोधी आमदारानं विचारलं होतं: सदर गावी प्रवासी निवारा बांधून तीन वर्षे झाली, तरी तेथे एकही बस आलेली नाही, हे खरे आहे काय?

शंभर टक्के खरं होतं. निवारा आम्हीच बांधला होता, कारण निवाऱ्याची योजना होती. बसची नव्हती. निवारा मोठा छान आहे, उद्‌घाटनाची पाटी निवाऱ्यापेक्षा भक्कम. उन्हाळ्यात तिथं मोहफुलं वाळतात, दुपारी म्हातारे पत्ते खेळतात आणि एरवी एक काळी बकरी राहते.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. माणूस वाईट नाही, पण अधिवेशनात त्यांचं पोट बिघडतं. त्यांनी प्रश्न दोनदा वाचला.

“मॅडम, ‘हे खरे नाही’ टाका.”

“साहेब, एकही बस आली नाही म्हणतात. एक तरी यायला हवी ना, खरं नाही म्हणायला.”

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. “मग एक आणू!”

त्यांनी आगारप्रमुखांना फोन लावला. त्यांच्याकडंही तोच प्रश्न गेलेला, त्यांचंही पोट बिघडलेलं. दोघांचं अर्ध्या मिनिटात जमलं. एक गाडी, फक्त फोटोपुरती. गाडी निवाऱ्यापुढं उभी, फोटोवर तारीख-वेळ, की झालं. साहेब, आमचे अभियंता, मी आणि वाट दाखवायला बाई, अशी आमची वरात त्याच दुपारी रिकाम्या बसमधून निघाली.

फोटोपुरती आहे हे बाईंना कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. बाईंनी गाडीत बसल्या बसल्या घरी फोन लावला आणि ओरडून सांगितलं, “बस येऊन राह्यली! आपल्या गावाले बस येऊन राह्यली!” मी खिडकीतून झाडं मोजत बसले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

गावाच्या तोंडावर अख्खं गाव उभं. ढोल, आरती, गुलाल. बस थांबते न थांबते तोच बायकांनी तिच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, एका आजोबांनी बंपरवर नारळ फोडला, ड्रायव्हरच्या डोक्याला फेटा बांधला. ड्रायव्हर इतका गहिवरला की त्यानं कारण नसताना तीनदा हॉर्न वाजवला. साहेब फोटोसाठी जागा शोधत होते, पण बकरी निवाऱ्यातून हलेना. तिच्यामुळं शासनाची प्रतिमा बिघडते म्हणून अभियंत्यांनी तिला ढकललं, तर तिनं त्यांच्या शर्टाचा खालचा भाग चावून खाल्ला. शेवटी फोटो बकरीसकट निघाला. मी म्हटलं, असू द्या, लाभार्थी दिसतोय.

फोटो काढून साहेब वळले, तर बस भरलेली. दोन मिनिटांत गाव आत. कुणाची धानाची पोती गिरणीसाठी, कुणी तालुक्याच्या दवाखान्यात, कुणी सोयरिकीला, एक आजी तर नुसतंच बसायला. दाराशी तेच नारळवाले आजोबा, काखेत कोंबडी घेऊन.

“उतरा, उतरा! ही फोटोची गाडी आहे!” साहेब म्हणाले.

“बरं,” आजोबा म्हणाले आणि खिडकीजवळ सरकून बसले. “काढा मंग फोटो.”

कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र काढलं, बटणं दाबली, पुन्हा दाबली आणि घाम पुसला. “यात तुमचं गावच नाही.”

“गाव नाई मंजे?” आजोबा उभे राहिले. “मी मंग पंच्याहत्तर वर्सं कुठी राहून राह्यलो?”

याचं उत्तर यंत्रात नव्हतं. कंडक्टरनं आगाराला फोन केला, आगारानं कपाळावर हात मारला असावा, आणि तिकिटं फाट्यापासूनची फाडायची असं ठरलं. बस निघाली. साहेबांना जागा मिळाली नाही. ते दांडी धरून उभे होते, आणि वळणावर आजोबांनी त्यांच्या हातात कोंबडी दिली ती तालुका येईपर्यंत परत घेतली नाही.

संध्याकाळी मी उत्तर लिहिलं. ‘हे खरे नाही. सदर गावी बससेवा सुरू आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव निवाऱ्यात जमलं आणि दुपारपर्यंत बसलं. बस आली नाही. बाई कार्यालयात आल्या त्या चालतच, उशिरा. चहा ठेवला आणि गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलीचा शाळेतला दाखला काढायला उद्या अर्धी रजा लागेल, एवढंच त्यांनी रजेच्या अर्जात लिहिलं.

त्याच दुपारी प्रश्न सभागृहात पुकारला गेला. अभियंत्यांच्या मोबाइलवर आम्ही सगळे डोकी एकत्र करून बघत होतो. मंत्री उठले. “अध्यक्ष महाराज, हे खरे नाही. सदर गावी बससेवा सुरू आहे.” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात ते प्रश्नवाले आमदार उठले. “अध्यक्ष महाराज, माझा साधा उपप्रश्न आहे. ती बस गावात किती वाजता येते?”

मंत्री पाणी प्यायले. मागं बसलेल्या अधिकाऱ्यांकडं वळले. चिठ्ठ्या धावू लागल्या. आणि साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. सचिवांनी आयुक्तांना, आयुक्तांनी जिल्ह्याला, जिल्ह्यानं आम्हाला.

“बसची वेळ सांगा! मंत्री उभे आहेत!” पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “मॅडम, वेळ! काहीतरी सांगा, वेळ!”

बाई दारात कप गोळा करत होत्या. माझं डोकं फिरलं ते तेव्हा. दोन दिवस आतल्या आत जे खदखदत होतं ते वर आलं.

“बाई,” मी विचारलं, “पोरीची शाळा किती वाजता भरते?”

“साडेदहाले. काऊन?”

“आणि आपलं हपिस सुटल्यावर तुम्हाला बरं पडेल अशी वेळ?”

“साडेसहा.”

मी साहेबांच्या हातून रिसीव्हर घेतला. “लिहून घ्या. गावातून सकाळी नऊ वाजता. परतीची तालुक्यातून संध्याकाळी साडेसहाला. रविवार धरून, दररोज.”

फोन ठेवला. मोबाइलवर मंत्री अजून पाणीच पीत होते, कारण आमच्याकडं प्रक्षेपण मागून येतं. मग त्यांच्या हातात चिठ्ठी पडली आणि त्यांनी छाती पुढं काढून वाचलं, “अध्यक्ष महाराज, सकाळी नऊ आणि संध्याकाळी साडेसहा. रविवार धरून, दररोज.” बाकं वाजली.

“अहो, पण ती बस येत नाही!” साहेब खुर्चीत बसत म्हणाले.

“आता येईल. नाही आली तर मंत्र्यांनी सभागृहात खोटं सांगितलं असं होईल. हक्कभंग.”

हा शब्द आमच्याकडं वाघापेक्षा मोठा आहे. साहेबांचा हात आपोआप फोनकडं गेला. पलीकडून आगारप्रमुख ओरडले, “नऊ कुणी सांगितलं? माझ्याकडं नऊला गाडी नाही!” साहेब म्हणाले, “मंत्र्यांनी.” पलीकडं वही चाळल्याचा आवाज. मग, “आहे, आहे. एक आहे.”

दुसऱ्या दिवशी नऊला बस गावात गेली. बाई पावणेदहाच्या आत कार्यालयात, आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या आधी. दाखल्यासाठी मागितलेली अर्धी रजा त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. मला तेव्हा रडू आलं, आणि मी बाईंना म्हटलं की चहा थंड आहे.

अधिवेशन संपलं. जानेवारीत आगाराचं पत्र आलं: प्रवासी कमी, फेरी परवडत नाही, बंद करण्यास आपल्या कार्यालयाची हरकत नसल्याचे कळवावे. साहेबांनी शेरा मारला, ‘मांडावे’, म्हणजे टिपणी लिहून पुढं ठेवा, आणि पत्र माझ्याकडं आलं. मी त्याची फाइल केली. फाइल कपाटात ठेवली. आमच्या उत्तराशिवाय आगाराला फेरी बंद करता येत नव्हती. आगारानं स्मरणपत्र पाठवलं, तेही त्याच फाइलीत लावलं. दुसरं स्मरणपत्र आलं, तेही लावलं. फाइल चांगली जाडजूड होत गेली. आमच्या कार्यालयात कधी काम तुंबवत नाही असं माझं नाव होतं, ते त्या वर्षी गेलं.

मुलीनं मार्चमध्ये परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी बाई पेढे घेऊन आल्या. आधी साहेबांना दिला. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्या कार्यकाळात सुरू झालेली बस आहे ती.” त्यांना ते मनापासून वाटत होतं.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. पेढा हातात ठेवला आणि खाली वाकून हळूच म्हणाल्या, “म्याडम, अकरावी-बारावीचे अजून दोन वर्स हायेत. तेवढी फाइल सांभाळजा.”

मी पेढा खाल्ला, उठले आणि कपाटाला कुलूप लावलं.