झटकेवाली घोडी

बैलांच्या बाबतीत मला कधी अडचण आली नाही. चालता चालता मागचा पाय ताणून बैल थबकला आणि मग झटका देऊन पुढं निघाला, की गुडघ्याची वाटी अडकतेय हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. घोडीनं मात्र माझी मती गुंग केली.

नांदूरघाटाकडचा एक वरातीच्या घोडीचा मालक तिला माझ्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आला. तीही तसाच पाय झटकायची. पण नाचाच्या घोडीचा झटका, तो रोग म्हणावा की शिकवण? मी विचारलं.

"शिकवलं न्हाई साहेब, आपोआप आलं. लोक झटकेवालीच मागत्यात. पर आता वरातीत मधीच पाय अडकतो. नवरदेव पडला तर? तेवढं अडकणं काढा, झटका ऱ्हाऊ द्या."

"अहो, ताप काढा पण अंग गरम राहू द्या, असं असतं का?" मी खेकसलो. खरं तर खात्री मलाही नव्हती. त्यानं सोबत आणलेली हलगी वाजवली, तशी घोडी ठेक्यावर पाय फेकू लागली. हलगी थांबली की चाल सरळ. शेवटी वाटी अडकतेय का बघायला मी तिला मागं रेटलं. पाय ताठ होऊन अडकला, घोडी थरथरली. त्यानं सवयीनं पुन्हा हलगी उचलली.

"वाजवलं की सुटतो," तो म्हणाला.

मग जागा सुन्न करून, उभ्या उभ्याच, वाटीला धरून ठेवणारा दोरीसारखा बंध मी तोडला. रोग तोडतोय की कला, काही कळत नव्हतं.

महिन्यानं पाहायला गेलो. हलगीवर घोडीनं मान वाकवली, पुढचे पाय नाचवले. मागचे मात्र साधे पडत राहिले. मालक भडकला. "पाय बरा केला का घोडी बिघडवली, साहेब?"

मी वाकून तिचा मागचा गुडघा चाचपला.

त्याची बायको कडबा टाकत होती. ती म्हणाली, "आता रोज सकाळी लोळती. उठती बी. आधी बसतच नव्हती, उठताना पाय अडकायचा म्हणून."

"मला का म्हून सांगितलं न्हाईस?" मालकानं तिला विचारलं.

"तुमी तिच्या नाचायचीच वाट बघत होता."

त्यानं हलगी माझ्या हातात दिली, घोडीच्या मानेत तोंड खुपसलं आणि हुंदके देत तिलाच विचारू लागला, "आता वराती न्हाई मिळाल्या तर तुला खायला काय घालू गं?"